विवीकडून पॅकरकडे: उद्यमबागच्या कारखान्यांसाठी इमेज नव्याने बांधताना

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गिऱ्हाईक सगळे फाउंड्रीवाले. काही शेजारच्या रस्त्यावरचे, काही मच्छे आणि होनग्याचे, काही निपाणी ओलांडून पलीकडे कोल्हापूरजवळच्या शिरोलीचे. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद, धातूची रचना मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचं रीडिंग, सँड लॅबचे आकडे आणि शेवटी मालासोबत जाणारं टेस्ट सर्टिफिकेट, एवढं काम आमचं सॉफ्टवेअर करतं. ते चालतं कारखान्यातल्याच सर्व्हरवर. क्लाउडचं नाव काढलं की मालक विचारतात, "पावसात नेट गेलं तर भट्टी बंद ठेवू काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, अॅप्लिकेशन सगळं आत बसवलेली व्हर्च्युअल मशीनची (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) एकच इमेज, म्हणजे तयार डिस्कची फाइल, आम्ही बनवतो आणि तीच प्रत्येक ठिकाणी उभी करतो.

ही इमेज कुणी माउस हलवत हाताने बनवायची नाही, हा नियम कंपनीत पहिल्यापासून आहे. फाउंड्रीवाल्याला तो समजावून सांगावा लागत नाही: टेम्प्लेट, म्हणजे इमेज कशी बनवायची ते लिहिलेली फाइल, हा पॅटर्न (साच्याचा नमुना), इमेज हे कास्टिंग (ओतलेला भाग). कास्टिंगमध्ये पुन्हा पुन्हा तोच दोष दिसला की माणूस पॅटर्न तपासतो. आमचा पॅटर्न अण्णांनी बनवला होता. अण्णा आता पुण्याला मुलाकडे असतात, पण फोन केला की तासभर बोलतात. त्यांनी तो विवी नावाच्या, इमेज आपोआप बनवणाऱ्या टूलमध्ये लिहिला होता आणि मला तो पॅकर या त्याच कामाच्या नव्या टूलमध्ये आणायचा होता. अशा जुन्या डेफिनिशन (विवीत टेम्प्लेटला हेच नाव) अजून बऱ्याच जणांच्या सर्व्हरवर पडून असतील, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

विवी हे रुबीतलं टूल, बेल्जियमच्या पॅट्रिक डेबॉय यांचं. २००९ साली घेंट शहरात डेव्हऑप्स डेज ही पहिली परिषद भरवणारे तेच. व्हेग्रंट, म्हणजे लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभं करून देणारं टूल, नवं होतं तेव्हा त्याला लागणारे बेस बॉक्स (तयार इमेज) बनवायला बहुतेक लोक विवीच वापरत. रचना सरळ आहे. एका रुबी फाइलमध्ये मेमरी किती, डिस्क किती, आयएसओ (इन्स्टॉलरच्या डिस्कची फाइल) कुठून आणायचा आणि इन्स्टॉलर सुरू होताना कोणत्या कळा दाबायच्या हे लिहायचं. सोबत एक प्रीसीड फाइल, जी इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. आणि एक पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट, जी मशीन उभं राहिल्यावर आत शिरून बाकीचं काम करते. २०१३च्या जूनमध्ये मिचेल हाशिमोटो यांनी पॅकर आणलं. व्हेग्रंटही त्यांचंच. पॅकर गो भाषेतलं, एकच बायनरी, रुबीच्या जेमची (जोडपॅकेजेसची) भानगड नाही, आणि एकाच टेम्प्लेटमधून व्हर्च्युअलबॉक्स, केव्हीएम, व्हीएमवेअर अशा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या वेगवेगळ्या ठिकाणांसाठी इमेज काढता येते. लोक तिकडे वळले आणि विवी मागे पडलं.

आमच्याकडे ते पुढेही बराच काळ चाललं, कारण अण्णांनी डेफिनिशन उबंटू १२.०४ पासून पुढे नीट सांभाळत आणली होती. बदलायची वेळ आली ती दोन बाजूंनी. नव्या बिल्ड मशीनवरच्या नव्या रुबीत विवीच्या जुन्या जेम बसेनात. आणि कारखान्यांत व्हर्च्युअलबॉक्स जाऊन प्रॉक्समॉक्स आलं, म्हणजे खाली केव्हीएम. पॅकर घेण्याआधी त्याचं लायसन्स मात्र पूर्ण वाचलं, कारण २०२३च्या ऑगस्टमध्ये पॅकर बनवणाऱ्या हॅशीकॉर्प कंपनीने ते एमपीएल या मुक्त लायसन्सवरून बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. आपल्या कामासाठी इमेज बनवायला त्यात आडकाठी नाही. त्यांच्या उत्पादनाशी स्पर्धा करणारी सेवा विकणाऱ्याला विचार करावा लागेल.

बेस म्हणून डेबियन १२ हे लिनक्स घेतलं. उबंटू सोडण्याचं कारण प्रीसीड. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर २०.०४ पासून बदलला, प्रीसीड गेलं आणि त्या जागी क्लाउड-इनिटच्या धर्तीची ऑटोइन्स्टॉल फाइल आली. डेबियनने आपला जुना इन्स्टॉलर ठेवला आहे. त्यामुळे अण्णांची प्रीसीड फाइल, तिच्यातल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या वाटण्यांच्या) विचारासकट, बरीचशी जशीच्या तशी वापरता येणार होती. डेटाबेससाठी वेगळं पार्टिशन, लॉगसाठी वेगळं, म्हणजे लॉग फुगले तरी हीटची नोंद थांबू नये. हे टाकून देण्यासारखं नव्हतं.

आता प्रत्यक्ष रूपांतर. विवी-टू-पॅकर नावाची एक छोटी जेम आहे, तीही हाशिमोटोंचीच. जुन्या रुबीचा एक कंटेनर (वेगळा कप्पा) उभा करून तिला अण्णांची डेफिनिशन दिली. तिने एका फोल्डरमध्ये जेसन या साध्या मजकुराच्या मांडणीतलं टेम्प्लेट, प्रीसीडसाठी एचटीटीपी नावाचं फोल्डर आणि स्क्रिप्टचं फोल्डर काढून दिलं. आयपी आणि पोर्टसाठी विवीत टक्क्याच्या चिन्हांत लिहायच्या खुणा होत्या, त्यांच्या जागी पॅकरच्या दुहेरी महिरपी कंसातल्या खुणा आल्या. कळांची नावं बदलली. पण निघालेलं जेसन पॅकरच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं होतं. बिल्डरचं (इमेज बनवणाऱ्या भागाचं) नाव नुसतं व्हर्च्युअलबॉक्स, जे पुढे व्हर्च्युअलबॉक्स-आयएसओ झालं. आयएसओची पडताळणी एमडी५ या जुन्या चेकसमने. एसएसएचची (दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीची) वाट किती पाहायची त्या सेटिंगचं नावही जुनं. अशा जुन्या नावांसाठी पॅकरमध्येच फिक्स ही कमांड आहे, ती चालवली. त्यानंतर एचसीएल२-अपग्रेड, जी जेसनवरून नव्या एचसीएल भाषेतली फाइल काढून देते. व्हेरिएबल, सोर्स, बिल्ड असे वेगळे ब्लॉक पडतात. सोर्सला ती ऑटोजनरेटेड-वन असं नाव देते. ते लगेच बदलून फाउंड्री केलं, कारण पुढे प्रत्येक लॉगमध्ये तेच नाव दिसणार.

एचसीएलचा मला वाटणारा मोठा फायदा म्हणजे त्यात कॉमेंट लिहिता येते. जेसनमध्ये ती सोय नाही. पॅकरवाले जेसनमध्ये अंडरस्कोरने सुरू होणारी खोटी की टाकून वेळ मारून नेत, तीही फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर. मला कॉमेंटची गरज का होती हे पुढे येतंच. या तीन टूल्सनी मिळून ओळी इकडून तिकडे आणल्या, आणि ते काम चोख केलं. त्या ओळी मुळात का लिहिल्या होत्या, हे मात्र कोणतंही टूल आणून देत नाही. ते विचारून काढावं लागतं.

म्हणून पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट समोर ठेवून अण्णांना फोन लावला.

"अण्णा, नेटवर्कच्या फाइलमध्ये शेवटी दोन सेकंद थांबायची ओळ आहे. ती कशासाठी?"

"ती माझी नव्हे गं. विवीच्या नमुन्यातच होती. डीएचसीपीला कार्ड तयार व्हायला जरा दम मिळावा म्हणून."

"आणि यूडेव्हची नेटवर्कची नियमांची फाइल पुसून त्याच नावाचं फोल्डर केलंय ते?"

"तेही नमुन्यातलंच. पण ते का आहे हे मला शिरोलीत कळलं. ते काढू नकोस, आधी समजून घे."

त्यांनी सांगितलं ते असं. त्या काळचं उबंटू पहिल्यांदा सुरू होताना नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं: हा पत्ता म्हणजे ईटीएच-शून्य. तीच इमेज दुसऱ्या मशीनवर उभी केली की कार्डाचा पत्ता वेगळा, म्हणून ते नवं कार्ड ईटीएच-एक ठरायचं आणि ईटीएच-शून्यासाठी लिहिलेलं सगळं नेटवर्क बंद. फाइल नुसती पुसली तर पुढच्या बूटला पुन्हा तयार होते. त्याच नावाचं फोल्डर असलं की फाइल लिहिताच येत नाही. एवढी युक्ती त्या एका ओळीत होती.

डेबियन १२मध्ये ती फाइल बनत नाही. म्हणजे ओळ जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. पण तिच्यामागचं दुखणं अजून जिवंत आहे, वेगळ्या रूपात. आता कार्डाचं नाव ते कोणत्या स्लॉटमध्ये आहे यावरून ठरतं. पॅकरच्या क्यूईएमयू बिल्डरमध्ये (केव्हीएमसाठीची इमेज हाच बनवतो) आमच्या मशीनचं कार्ड ईएनएस-३ होतं, प्रॉक्समॉक्सवर तेच ईएनएस-१८ होतं. इन्स्टॉलरने नेटवर्कच्या फाइलमध्ये पहिलं नाव लिहून ठेवलेलं असतं, आणि कारखान्यात मशीन सुरू झालं की त्या नावाचं कार्डच सापडत नाही. आमच्या मशीनला कार्ड एकच असतं, म्हणून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) नावं न बदलण्याचा पर्याय दिला: इन्स्टॉलर सुरू करतानाच्या ओळीतही आणि प्रीसीडमधून कायमच्या बूट सेटिंगमध्येही. दोन्ही ठिकाणी लागतो. एकाच ठिकाणी दिला तर इन्स्टॉलर एक नाव लिहितो आणि चालू मशीन दुसरं नाव वापरतं. टेम्प्लेटमध्ये या ओळीच्या वर आता शिरोलीची हकीकत कॉमेंट म्हणून आहे. दोन सेकंदांची ओळ काढली.

बूट कमांड, म्हणजे इन्स्टॉलर सुरू होताना आपोआप दाबायच्या कळा, हा यातला सगळ्यात नाजूक भाग. १२.०४साठीची कळांची यादी लांबलचक होती. एस्केप, मग कर्नलचा पूर्ण मार्ग, मग नोएपिक, भाषा, कीबोर्ड, होस्टनेम, शेवटी इनिटआरडी. नोएपिक हेही नमुन्यातून आलेलं, त्या वेळच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगसाठी. केव्हीएमवर त्याचं काम नाही. डेबियन १२च्या जुन्या पद्धतीच्या बायोस बूटमध्ये एस्केप दाबून ऑटो आणि प्रीसीडचा यूआरएल एवढं पुरतं. बाकीची उत्तरं प्रीसीडमध्येच असावीत, कारण टाइप होणारी ओळ जितकी लांब तितकी बिघडायची शक्यता जास्त. पॅकर क्यूईएमयूच्या व्हीएनसीमधून (मशीनचा पडदा दुरून दाखवणाऱ्या सोयीतून) एकेक कळ पाठवतं. बिल्ड मशीनवर दुसरं जड काम चालू असलं की मधलं एखादं अक्षर गळतं, आणि यूआरएलमधलं एक अक्षर गळालं की इन्स्टॉलर प्रीसीड सापडत नाही म्हणून बसून राहतो. यासाठी दोन कळांमधलं अंतर वाढवायची सेटिंग आहे, बूट-की-इंटरव्हल. ती वाढवली. व्हीएनसीचं पोर्ट पॅकर लॉगमध्ये छापतं, तिथे जोडून पडदा बघायचा. पहिल्या बिल्डला हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. लॉगमध्ये फक्त "एसएसएचची वाट पाहतोय" एवढंच दिसत राहतं, खरी गोष्ट पडद्यावर असते.

आमच्याकडे खानापूरचा एक मुलगा नवीन लागलाय, त्याला तो पडदा बघायला बसवलं होतं. थोड्या वेळाने हाक आली, "अक्का, थांबलंय बघ. अजून सीडी हाय काय विचारायलंय." डेबियनचा नवा इन्स्टॉलर आणखी एखादं इन्स्टॉलेशन माध्यम तपासायचं आहे का असं विचारतो, आणि अण्णांच्या प्रीसीडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. एप्ट-सेटअपमधली एक ओळ, नाही म्हणून, आणि गाडी पुढे गेली. प्रीसीडमध्ये नसलेला प्रत्येक नवा प्रश्न असाच पडद्यावरच दिसतो. त्याने पुढे स्वतःच एक वही केली. कोणत्या पडद्यावर थांबलं, कोणती ओळ टाकली. ती वही आता फाइल होऊन टेम्प्लेटशेजारी आहे.

डिस्कचा निर्णय जरा विचार करून घेतला. क्यूईएमयूमध्ये साधा व्हर्टायो हा डिस्क इंटरफेस घेतला की डिस्कचं नाव व्हीडीए होतं आणि प्रीसीडमधल्या पार्टिशनच्या आणि ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळींत एसडीए आहे, ते जुळत नाही. बरेच जण अशा वेळी प्रीसीड बदलतात. मी डिस्क इंटरफेस व्हर्टायो-स्कझी केला. प्रॉक्समॉक्सवर आम्ही तोच देतो, म्हणजे बिल्डमध्ये आणि कारखान्यात डिस्क एसडीएच राहते, आणि इमेज जिथे बनते ती जागा जिथे चालणार त्या जागेच्या शक्य तितकी जवळ येते. जुन्या स्क्रिप्टमध्ये शेवटी संपूर्ण मोकळी जागा शून्यांनी भरून मग ती फाइल पुसायची युक्ती होती, जेणेकरून इमेज लहान व्हावी. आता डिस्कला डिस्कार्डची (मोकळी जागा परत करायची) परवानगी देऊन आत एफएसट्रिम चालवलं की तेच काम फार कमी लिहिण्यात होतं. व्हर्च्युअलबॉक्स गेस्ट अॅडिशन्स, त्यासाठी लागणारे कर्नल हेडर्स आणि कंपायलर, हे सगळं काढलं. त्याऐवजी क्यूईएमयू गेस्ट एजंट. कारखान्यात जाणाऱ्या मशीनवर कंपायलर नसलेलाच बरा.

आयएसओबद्दल एक गोष्ट. विवीच्या डेफिनिशनमध्ये एमडी५ होतं, आता एसएचए२५६ घ्यायचं, ते सरळ आहे. पण डेबियनच्या करंट फोल्डरमधला आयएसओ प्रत्येक पॉइंट रिलीजला बदलतो आणि जुना अर्काइव्हमध्ये जातो. टेम्प्लेटमध्ये करंटचा पत्ता ठेवला तर काही महिन्यांनी बिल्ड अडतंच. आम्ही आयएसओची प्रत आमच्याच सर्व्हरवर ठेवतो आणि चेकसम टेम्प्लेटमध्ये पक्का लिहितो.

पावसाचा संबंध इथेही येतो. जून ते सप्टेंबर या भागात नेटचा भरवसा धरता येत नाही, खानापूरच्या बाजूला तर नाहीच. इन्स्टॉलर मध्यावर असताना नेट गेलं की बिल्ड वाया. म्हणून अण्णांच्या काळापासून ऑफिसात एप्ट-कॅशर-एनजी आहे, पॅकेजेस एकदा उतरली की पुढच्या वेळी तिथूनच येतात. प्रीसीडमध्ये त्याचा प्रॉक्सी म्हणून पत्ता दिलेला. आता हे नीट बघण्यासारखं आहे. डेबियनचा इन्स्टॉलर तो प्रॉक्सी तयार सिस्टीमच्या एप्टच्या (पॅकेजेस उतरवणाऱ्या टूलच्या) सेटिंगमध्येही लिहून ठेवतो. म्हणजे शिरोलीतलं मशीन सुरक्षेचे अपडेट घ्यायला गेलं तर ते उद्यमबागेतल्या आमच्या प्रॉक्सीला शोधत बसेल. अण्णांच्या साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ पुसणारी एक कमांड होती, कोणतंही स्पष्टीकरण न देता, मधेच कुठेतरी. कुणी घाईत "ही कशाला" म्हणून काढली असती. मी ती प्रॉक्सीच्या सेटिंगशी जोडून, दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख करून ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो इमेजची ओळख पुसण्यावर, आणि तो द्यायलाच हवा. विवीचे नमुने व्हेग्रंटसाठी होते. व्हेग्रंटचा बेस बॉक्स म्हणजे व्हेग्रंट नावाचा युजर, पासवर्डही तोच, आणि एसएसएचसाठी जी चावी, तिची खाजगी बाजू इंटरनेटवर सगळ्यांना उपलब्ध. स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग करणाऱ्यासाठी ते ठीक आहे. कारखान्याच्या नेटवर्कवर तसलं मशीन उभं करणं म्हणजे दार उघडं टाकणं. अण्णांनी तो युजर बंद करायची वेगळी स्क्रिप्ट ठेवली होती, जी बिल्ड संपल्यावर चालायची. पॅकरमध्ये तिची जागा शोधावी लागते. शेवटच्या क्षणापर्यंत पॅकर त्याच युजरने आत असतं, त्यामुळे प्रोव्हिजनरमध्ये (आत स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागात) मधेच त्याला बंद केलं तर पुढची पायरी अडते. मी ते काम शटडाउन कमांडमध्ये नेलं. पॅकर बाहेर पडताना एक लहान स्क्रिप्ट चालवतं, ती चाव्यांची फाइल पुसते, पासवर्ड लॉक करते, बिल्डपुरती दिलेली सुडोची (सर्वाधिकाराची) मोकळीक काढते आणि मशीन बंद करते. युजरचं नावही व्हेग्रंट ठेवलं नाही.

त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी. मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची. पुसायची नाही, रिकामी ठेवायची, म्हणजे पहिल्या बूटला सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा लिनक्सचा भाग) नवा आयडी लिहितं. सगळ्या कारखान्यांत एकच आयडी गेला तर त्यावर ओळख ठरवणाऱ्या सेवा गोंधळतात, आणि एकाच नेटवर्कवर दोन मशीन असली तर डीएचसीपीपासून त्रास सुरू होतो. दुसरं, एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्या. त्या इमेजमध्ये राहिल्या तर सगळ्या कारखान्यांच्या मशीनची ओळख एकच. नुसत्या पुसल्या तर डेबियन त्या आपणहून पुन्हा बनवत नाही, एसएसएच सुरूच होत नाही. म्हणून पहिल्या बूटला त्या बनवणारी एक छोटी सिस्टमडी सेवा आत ठेवली, जी एसएसएचच्या आधी चालते.

फॉन्टचा भाग अण्णांना फार प्रिय होता, आणि मलाही. या सीमाभागात कारखान्याच्या नोटीस बोर्डावर रोजचा शिफ्ट रिपोर्ट लागतो तो कन्नडमध्ये आणि मराठीत. भट्टीवरचा माणूस गोकाकचा असतो, मोल्डिंगवरचा चंदगडचा. रिपोर्टची पीडीएफ सर्व्हरवरच तयार होते, त्यामुळे फॉन्ट इमेजमध्ये हवेत. जुन्या स्क्रिप्टमधली टीटीएफ-ने सुरू होणारी पॅकेजेसची नावं आता चालत नाहीत. डेबियन १२मध्ये कन्नडसाठी फॉन्ट्स-केएनडीए आणि देवनागरीसाठी फॉन्ट्स-डेव्हा, शिवाय नोटो. दोन्ही भाषांचे लोकेलही (भाषेच्या सेटिंग) तयार करून घेतले. पण नुसता फॉन्ट बसवून मराठी नीट दिसत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची नेहमीची रूपं हिंदी वळणाची असतात. नोटोमध्ये मराठी वळणाची रूपंही आहेत, पण मजकूर मराठी आहे हे सांगितलं तरच ती येतात. अण्णांनी रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये भाषा मराठी अशी नोंद आधीच केलेली होती. त्यामुळे नव्या इमेजवर पहिली पीडीएफ काढली तेव्हा "शिफ्ट" मधला श आणि "लॅडल" मधला ल शाळेत गिरवला तसाच आला. कन्नड बाजू खानापूरच्या मुलाने तपासली, जोडाक्षरांसकट. त्याचं शिक्षण कन्नड माध्यमात झालेलं, घरी मराठी. ही तपासणी त्याच्यापेक्षा चांगली कुणी केली नसती.

इमेज बनली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. जुनी चालू इमेज आणि नवी इमेज शेजारी शेजारी उभी केली आणि दोन्हींमधून यादी काढून ताडून पाहिली. कोणती पॅकेजेस आहेत, कोणत्या सेवा बूटला सुरू होतात, कोणती पोर्ट उघडी आहेत, सेटिंगच्या एटसी फोल्डरमध्ये काय फरक आहे. पॅकेजेसच्या यादीत फरक खूप येणारच, वितरणच वेगळं आहे. पण सेवांच्या आणि पोर्टच्या यादीतला प्रत्येक फरक सांगता आला पाहिजे. त्यातूनच एक गोष्ट सापडली. जुन्या मशीनवर वेळ जुळवणारी सेवा ऑफिसच्या नव्हे तर कारखान्यातल्याच राउटरकडून वेळ घेत होती, कारण तिथे बाहेरचं नेट नसलं तरी हीटच्या नोंदीवरची वेळ आणि स्पेक्ट्रोमीटरची वेळ जुळायला हवी. ही सेटिंग डेफिनिशनमध्ये नव्हती, पोस्टइन्स्टॉलमध्येही नव्हती. मशीन उभं करताना कुणीतरी हाताने भरत असे. आता ती पहिल्या बूटच्या सेवेत आहे, राउटरचा पत्ता विचारून घेते.

पुढचे बदल सोपे जावेत म्हणून टेम्प्लेटचे तुकडे केले. सोर्स एका फाइलमध्ये, व्हेरिएबल दुसरीत, स्क्रिप्ट कामाप्रमाणे वेगवेगळ्या. विवीत एकच लांब पोस्टइन्स्टॉल होती. पॅकरमध्ये शेल प्रोव्हिजनरला स्क्रिप्टची यादी क्रमाने देता येते, आणि एखादी अडली की ऑन-एररला आस्क हा पर्याय दिला तर मशीन बंद न करता पॅकर थांबून विचारतं. त्या थांबलेल्या मशीनमध्ये आत जाऊन बघता येतं. या एका सोयीसाठीही पॅकर घेतलं असतं. प्लगिन आता वेगळे उतरवावे लागतात. टेम्प्लेटमध्ये क्यूईएमयू प्लगिनची आवृत्ती लिहून पॅकर इनिट चालवलं की येतो. तोही नेट असताना एकदा उतरवून ठेवलेला बरा.

सध्या डेबियन १३ची तयारी चालू आहे. ते २०२५च्या ऑगस्टमध्ये आलं. बूट कमांड तीच चालते, प्रीसीडमध्ये थोडे बदल. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे टीएमपी हे तात्पुरत्या फाइलचं फोल्डर आता मुळातच मेमरीत असतं. पॅकर आपल्या स्क्रिप्ट तिथेच पाठवतं, त्या लहान असतात, त्याचं काही नाही. आमच्या अॅप्लिकेशनचं मोठं बंडलही आम्ही तिथेच पाठवत होतो. बिल्डच्या मशीनला मेमरी कमी दिलेली असली तर ते मावत नाही. म्हणून बंडल आता व्हार-टीएमपीमध्ये जातं, आणि त्या ओळीवर का ते लिहिलेलं आहे.